खंदक, विहिरी आणि जांभ्याखालचे पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. डिचोली तालुक्यातील एका खाणीवर आपण बावीस वर्षे पर्यवेक्षक होतात. आपले आक्षेप बाहेरून पाहणाऱ्याचे नाहीत, तेव्हा उत्तरही तपशिलात जाऊन द्यायला हवे. आपले म्हणणे थोडक्यात असे : खाणीतून आम्लयुक्त पाणी बाहेर पडते हे माझे विधान गोव्याला लागू होत नाही, गावच्या विहिरी आटल्या त्या कूपनलिकांमुळे आणि लहरी पावसामुळे, खाणमालकांनी मातीच्या ढिगाऱ्यांवर झाडे लावून जमीन पूर्ववत केली, त्याकडे मी डोळेझाक केली, आणि २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर पर्यावरण काही सुधारले नाही, ट्रकवाले आणि बार्जवाले मात्र देशोधडीला लागले.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आम्लयुक्त पाणी तयार होण्यासाठी खडकात पायराइटसारखी गंधकयुक्त खनिजे असावी लागतात. ती उघडी पडून त्यांना हवा आणि पाणी लागले की गंधकाम्ल बनते. कोळशाच्या खाणींत हे घडू शकते. गोव्याचे खनिज म्हणजे हेमॅटाइट, गोएथाइट आणि लिमोनाइट, अर्थात प्रदीर्घ काळ पावसाने धुऊन निघालेली लोहाची ऑक्साइडे. येथील खाणीचे पाणी शेताची नासाडी करते ते गाळाने. कोळसा खाणींविषयीच्या एका जुन्या टिपणातले वाक्य माझ्या हातून या लेखात आले. ते मी काढून टाकले आहे.

विहिरींच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही, आणि माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ इथेच आहे. डिचोली-सत्तरीपासून सांगे-केप्यापर्यंत वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेल्या खाणपट्ट्यात डोंगराची रचना आपण माझ्यापेक्षा अधिक वेळा पाहिली असेल. वर जांभ्याचे कवच, त्याखाली ढेकळांच्या रूपातले कठीण खनिज, मग चिकणमातीचे थर आणि भुसभुशीत खनिज पावडर, आणि तळाशी व आजूबाजूला फिलाइटसारखा पाणी सहजी न सोडणारा खडक. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी तो पिऊन घेतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने हळूहळू सोडतो. गावच्या बहुतेक उथळ विहिरी याच पाण्यावर जगतात. त्याखालची खनिज पावडर हा दुसरा जलधर, म्हणजे पाणी साठवणारा थर. एरवी दगडाची खाण काढताना आपण पाण्याच्या भांड्याशेजारून दगड उचलतो. गोव्यात जे खनिज आपण जहाजात भरून पाठवतो, तेच पाण्याचे भांडे असते. वरचा जांभा काढला की झऱ्यांचे तोंड कापले जाते, आणि खंदक, म्हणजे खाणीचा खड्डा, भूजलपातळीच्या खाली गेला की पावडरीतले पाणी चारी बाजूंनी खंदकात उतरू लागते. मग खनिज काढायचे तर पंप लावावेच लागतात. आपल्या खाणीवरही ते होतेच.

कूपनलिकांचा काहीच दोष नाही, असे मी म्हणणार नाही. ज्या गावांत बागायतीसाठी त्या बेसुमार खोदल्या गेल्या, तिथे त्यांचाही वाटा असणार. पण वायंगण शेतीचे काय झाले, याचा विचार करावा. पावसाळी भातानंतर झरे आणि व्हाळ (ओढे) यांच्या वाहत्या पाण्यावर घेतले जाणारे हे दुसरे पीक कूपनलिकेवर अवलंबून कधीच नव्हते. डोंगरातून आपोआप येणारे पाणी येणे थांबले म्हणून खाणपट्ट्यातील वायंगण शेते पडीक राहिली. हीच गोष्ट कुळागरांची, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांची. पावसाचे म्हणाल, तर या पट्ट्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या प्रदेशात मार्चमध्येच पाण्याचे टँकर फिरू लागतात, तेव्हा पाऊस किती पडला यापेक्षा पडलेले पाणी मुरायला जागा किती उरली हे आधी तपासावे लागते.

आता ढिगाऱ्यांकडे वळतो. गोव्यात एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते, तिला आपण खाणीवर ‘रिजेक्शन’ म्हणत असाल. २०१०-११ या शिखराच्या वर्षी गोव्याच्या बंदरांतून सुमारे ५.४ कोटी टन खनिज बाहेर गेले. त्यात कर्नाटकातून आलेला आणि जुन्या ढिगाऱ्यांतून पुन्हा चाळलेला मालही होता, हे धरूनही मातीचे प्रमाण डोळ्यांसमोर येते. पोर्तुगीज काळात खाणकामासाठी दिलेले पट्टे (लीज) शंभर हेक्टरांपर्यंतचे, आणि त्यातच खंदक, चाळणी आणि रस्ता. माती ठेवायला जागाच नाही. ती पट्ट्याबाहेर, डोंगरउतारावर, व्हाळाच्या काठावर टाकली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात पट्ट्याबाहेर माती टाकण्यास मनाई केली.

झाडे लावली गेली, हे खरे आहे. मी स्वतः पाळी आणि वेळगे परिसरात हिरवे झालेले जुने ढिगारे पाहिले आहेत. परंतु त्यांतील बहुतेक हिरवाई ऑस्ट्रेलियन अकेशियाची आहे. निकृष्ट मातीत हे झाड तग धरते, म्हणून सुरुवातीला ते लावण्यात गैर नाही. पण त्याचा पाला लवकर कुजत नाही आणि खाली दुसरे फारसे उगवू देत नाही. शिवाय झाड माथ्यावर उभे असले तरी गाळ पायथ्यातून निघतो. एका उतरत्या रेषेत ओतलेला उंच ढिगारा कोसळण्यापासून आणि धुपण्यापासून वाचवायचा, तर त्याला पायऱ्या पाडाव्या लागतात, पायथ्याला दगडी बांध घालावा लागतो, भोवती चर खणून पाणी गाळ बसवण्याच्या तळ्यात न्यावे लागते, आणि मुख्य म्हणजे ते तळे पावसाळ्यापूर्वी उपसावे लागते. उतारावर काथ्याच्या जाळ्या आणि वाळ्याचे गवत लावल्यास मुळे माती धरतात, नंतर करंज, किंजळ अशी स्थानिक झाडे येऊ शकतात. यातले काहीही नवे नाही. तळे जूनमध्ये आधीच गाळाने भरलेले असते आणि पहिल्या जोरदार पावसात तांबडा लोंढा थेट भातशेतात उतरतो, ही अडचण तंत्रज्ञानाची नसून उपशाचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा याची आहे.

खंदक परत भरण्याविषयी आपण लिहिले आहे की ‘खनिज शिल्लक असताना खंदक बुजवणे हा राष्ट्रीय संपत्तीचा अपव्यय आहे’. याला तर्क आहे, नियमांचाही आधार आहे. पण परिणाम असा झाला की शेजारच्या दहा पट्ट्यांत दहा अर्धवट खंदक उघडे राहिले, कारण तळाशी थोडे हलक्या प्रतीचे खनिज प्रत्येकातच उरते. लगतच्या पट्ट्यांचे एकत्र नियोजन करून एक खंदक पूर्ण संपवायचा आणि दुसऱ्याची माती त्यात भरायची, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. अर्थात चिकणमातीने भरलेला खंदक पूर्वीच्या पावडरीसारखे पाणी धरत नाही. गेलेला जलधर परत मिळत नाही, हे खोदण्यापूर्वीच मान्य करून किती खोलवर जायचे ते ठरवावे लागते.

आपला शेवटचा मुद्दा बंदीचा. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला, राज्य सरकारने काम थांबवले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. २०१४ मध्ये वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द होऊन पुन्हा सारे ठप्प झाले. ‘बंद केल्यावर निसर्ग आपोआप सावरेल’ असा माझ्या लेखाचा सूर होता, तो चुकीचा होता हे मी कबूल करतो. पंप थांबले की खंदक भरू लागतो. तीन हजार मिलिमीटर पावसाचे पाणी एका हेक्टरवर तीन कोटी लिटर होते; बाहेरून झिरपणारे वेगळे. काही विहिरींना त्याचा लाभ होतो, पण ज्या गावाच्या डोक्यावर असा खंदक आहे त्याला दर पावसाळ्यात भिंतीकडे पाहत राहावे लागते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीतले साठलेले पाणी फुटून गाळासकट गावात आणि बागायतीत शिरले, ते याच प्रकारचे.

तेव्हा खाण बंद करणे हेही एक काम आहे आणि त्याला पैसा लागतो. तो किती धरलेला असतो? २०१७ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांत ‘अ’ वर्गाच्या, म्हणजे अवजड यंत्रांनी चालणाऱ्या खाणीने वापरात आणलेल्या जमिनीच्या दर हेक्टरी तीन लाख रुपयांची हमी ठेवण्याची तरतूद झाली; २०२१ च्या दुरुस्तीने ती पाच लाख झाली. अंमलबजावणी पाहणारा भारतीय खाण ब्यूरो आपल्या नागपुरातच आहे. एक हेक्टर क्षेत्राचा आणि पन्नास मीटर खोलीचा खंदक म्हणजे पाच लाख घनमीटर पोकळी. भिंतींचा उतार बाजूला ठेवून ढोबळ हिशेब केला, तर घनमीटरमागे एक रुपया येतो. घनमीटरभर माती टिप्परमध्ये भरून अर्धा किलोमीटर नेण्यास काय खर्च येतो, हे मी आपल्याला सांगणे म्हणजे काशीच्या पंडिताला गंगास्तोत्र शिकवणे होईल. ही रक्कम कमी पडते म्हणूनच उरलेला खर्च गावाच्या शेतावर आणि विहिरीवर पडतो.

ट्रकवाल्यांच्या हालाविषयी आपण लिहिलेला परिच्छेद खरा आहे. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसाने जांभ्याचे थर तपासलेले नसतात, आणि बेफाम उत्खननाचा निर्णयही त्याचा नव्हता. परंतु २०१० पर्यंतची गती कायम ठेवली असती तर त्याचा रोजगार फार काळ टिकला असता, असे मला वाटत नाही. न्यायालयाने विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकण्यास सांगितले, त्यामागे हीच जाणीव होती की खनिज एकदाच विकता येते.

२०२२ च्या अखेरीस झालेल्या लिलावांनंतर डिचोलीत २०२४ पासून उत्खनन पुन्हा सुरू झाले आहे. अशा वेळी प्रत्येक पट्ट्याभोवती निरीक्षण विहिरी असाव्यात, त्यांची पातळी दर पंधरवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, आणि खंदकातून उपसलेले पाणी गाळ बसवून आधी वायंगण शेताला व पाणीपुरवठ्याला द्यावे, एवढी मागणी मी करीन. यासाठी खाणीवरच्या माणसाची माहिती लागते. आपल्या खाणीवर पंप कोणत्या महिन्यात सुरू होत, रोज किती तास चालत आणि पाणी कोणत्या व्हाळात सोडले जाई, हे आपण खाणीचे नाव न देता लिहून पाठवल्यास ती माहिती मी मूळ लेखाला पुरवणी म्हणून जोडीन. बंदीविषयीच्या परिच्छेदाची दुरुस्ती याच आठवड्यात करतो.