आउटरला थांबलेले तात्या

आमचे तात्या बोलत असताना मध्ये चहा करून आणता येतो. काकू खरंच आणते. वाक्य सुरू झालं की ती आत जाते, आलं ठेचते, दुधावर लक्ष ठेवते आणि कप घेऊन बाहेर येते तेव्हा क्रियापद यायचं बाकी असतं. तात्यांनी 38 वर्षं रेल्वेत काढली. कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले, ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. त्यातली निम्मी नोकरी भुसावळच्या आउटरला गाडी उभी करून सिग्नलकडे बघण्यात गेली, असं काकूचं म्हणणं. सिग्नल पडल्याशिवाय पुढचा शब्द काढायचा नाही ही सवय तिथलीच.

यंदा तात्यांना 75 पूर्ण झाली. त्यांच्या आठवणींचा व्हिडिओ करायचा असं घरच्यांनी ठरवलं. घरच्यांनी म्हणजे सुरतच्या चुलत बहिणीनं आणि पुण्याच्या भाच्यानं. जे कार्यक्रमाला येणार नव्हते त्यांनी. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी अमळनेरलाच असतो आणि माझ्याकडे मोबाइलचा स्टँड आहे.

हा स्टँड मी हिवाळ्यात आईच्या भरताचा व्हिडिओ करायला घेतला होता. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आई वांग्याशी जरा अदबीनं वागते. अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून तिनं वांगी भाजली, सोलली, मिरच्या-लसणासोबत ठेचली, वर कांद्याची पात घातली. मधूनमधून पुटपुटल्यासारखी दोन शब्द सांगायची, बाकी गप्प. धुरात तोंड उघडायचं नसतं असं तिचं शास्त्र आहे. व्हिडिओ झाला 38 मिनिटांचा. बहीण म्हणाली, एवढं कोण बघतं रे? एआयचं एक टूल आहे, मधली सगळी शांतता आपोआप कापून देतं.

दिलं की कापून. 38 मिनिटांची 4 मिनिटं झाली. त्यात ठेचण्याची धपधप होती, एक शिंक होती, शेजारच्या बकरीचं बेंबाटणं होतं आणि आईचं एकच वाक्य होतं, जे ती माझ्यावर ओरडली होती : "मोबाइल मागे घे, ठिणगी उडेल!" मीठ किती, मिरच्या किती, हे सगळं ती हळू बोलली म्हणून शांततेच्या खात्यात जमा होऊन गेलं. बहिणीचा फोन आला. "छान झालंय. पण घराचं बांधकाम कधी काढलंत?"

मग भाच्यानं मला फोनवर शिकवणी दिली. "मामा, त्याला बोलणं-बिलणं कळत नाही. ते फक्त आवाज मोजतं. तीन गोष्टी असतात. किती आवाजाच्या खाली शांतता धरायची, ती किती वेळ टिकली तर कापायची आणि कापताना शब्दाच्या अलीकडे-पलीकडे किती जागा सोडायची." पहिल्या रकान्यात वजा 30 डेसिबल लिहिलेलं होतं. खात्यात वजा शिल्लक मी पाहिली आहे. वजा आवाज पहिल्यांदाच पाहिला. भाचा म्हणाला, डिजिटलमध्ये शून्य म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, बाकी सगळं त्याच्या खाली. म्हणजे आमच्या घरात काकू शून्यावर आणि तात्या वजा चाळीसच्या आसपास, एवढं मला लगेच समजलं.

त्यानं आणखी एक माहिती दिली. एफएफएमपेग नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आपण काही बदललं नाही तर वजा 60 च्या खालचा आवाज 2 सेकंद टिकला की त्याला शांतता म्हणतात. दोन सेकंद! तात्यांना "बसा" म्हटल्यावर बसायचं की नाही हे ठरवायलाच याहून जास्त लागतात.

शूटिंग मे महिन्यात धरलं. इथं चूक माझीच. खानदेशात मे महिन्यात कूलर बंद करून बोलायला कोणी तयार होत नाही आणि कूलर चालू असताना काय बोललं ते कोणाला ऐकू जात नाही. आमचा कूलर लोखंडी, घरघर अशी की पाहुणे विचारतात, चक्की घातली का? टूलला तासभराच्या रेकॉर्डिंगमध्ये एक सेकंदही शांतता सापडली नाही. "आपल्या व्हिडिओत काढण्यासारखं काही नाही," असा निरोप आला. तात्यांचं एवढं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. आकडा वर नेला तर कूलरसोबत तात्याही गेले. शेवटी कूलरचा आवाज गाळायचं दुसरं बटण दाबलं. कूलर गेला, पण तात्या विहिरीत उतरून बोलल्यासारखे वाटायला लागले.

पुन्हा शूटिंग केलं, पहाटे पाचला. तात्या खुर्चीवर येऊन बसले, मोबाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय करी ऱ्हायना भो?" म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी विचार केला. "कर," म्हणाले. एवढ्यात उजाडलं.

टूल आपोआप अक्षरंही टाकतं, म्हणजे बोललेलं खाली लिहून येतं आणि नको ते शब्द तिथूनच उडवता येतात. भाषा विचारली तेव्हा यादीत मराठी होती, गुजराती होती, हिंदी होती, आमची खानदेशची अहिराणी नव्हती. 2011 च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे 18 लाखांच्या वर मोजले गेलेत, पण यादी करणाऱ्याला त्यातला एकही भेटला नसावा. मराठी निवडली. तात्या म्हणाले, "तवय बरं शे," खाली आलं, "तवा बरं शेव". पुढे प्रत्येक "शे"ची, म्हणजे "आहे"ची, शेव झाली. 52 मिनिटांच्या आठवणींत एवढी शेव पडली की रस्सा केला असता तर गल्ली जेवली असती. आणि "मंग" हा शब्द त्यानं सगळीकडून निरुपयोगी म्हणून काढून टाकला. तात्यांच्या बोलण्यातून "मंग" काढणं म्हणजे मालगाडीची कपलिंगं काढण्यासारखं आहे. डबे सगळे जागेवर, गाडी मात्र राहिली नाही.

तरी मी नेटानं कापलं. 52 मिनिटांची 9 झाली. वाढदिवसाच्या दिवशी वरण-बट्टीची जेवणं उरकल्यावर टीव्हीला मोबाइल जोडला. पडद्यावर तात्या आले आणि जे बोलत सुटले! श्वास नाही, आवंढा नाही, खिडकीबाहेर बघणं नाही. दर वाक्याला मान या खांद्यावरून त्या खांद्यावर उडी मारत होती. खरे तात्या कोचावरून हे बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हाऊ कोन शे?"

साहेबाचा किस्सा आला. हा किस्सा आमच्या घरात 40 वर्षं चालतो आहे. "मन्हा साहेब भलता चांगला माणूस..." असं म्हणून तात्या थांबतात. सुपारी कातरतात. अडकित्ता पुसून ठेवतात. सगळे वाट बघतात, पोरं तोंडावर हात दाबतात आणि मग ते म्हणतात, "...नव्हता." दर वेळी घर हसतं. पडद्यावर मात्र "साहेब भलता चांगला माणूस नव्हता" असं सरळ, तक्रार नोंदवल्यासारखं आलं. कोणी हसलं नाही. सुपारीसकट विनोद कापला गेला होता. एका जावयानं तर गंभीरपणे विचारलं, "मग वर अर्ज दिला होता का?"

मी रिमोट शोधायला लागलो. तेवढ्यात शेवटचा प्रश्न आला. तो माझाच होता आणि बहिणीच्या आग्रहावरून विचारलेला होता : तात्या, काकूला पाहायला गेलात तेव्हा तुम्हाला ती लगेच पसंत पडली का?

"हो."

प्रश्नाचा शेवटचा स्वर हवेत असतानाच उत्तर. खणखणीत.

खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू दाराशी बट्टीचं ताट घेऊन उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि लग्नाला 50 वर्षं होऊन गेलेल्या बाईनं नवरीसारखं इकडे-तिकडे बघितलं. "आखो लाव बरं," म्हणाली. लावलं. तिनं चार वेळा लावायला लावलं. पाचव्यांदा शेजारणीला बोलावून आणलं.

मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्या प्रश्नानंतर 23 सेकंद आहेत. मी मोजलेत. तात्या त्यात आधी पंख्याकडे बघतात, मग नखांकडे, मग एकदा आत स्वयंपाकघराकडे.

रात्री सगळे पांगल्यावर तात्यांनी मला ओट्यावर बोलावलं. बाजूला बसवून घेतलं. सुपारी काढली, कातरली. लांबून सुरत लाइनवर एक गाडी आली, गेली.

"ते मोठं रेकॉर्डिंग..." तात्या म्हणाले.

मी थांबलो. गल्लीतलं कुत्रं एकदा भुंकून पुन्हा झोपलं. आत काकूनं सहाव्यांदा लावलं होतं, तो आवाज खिडकीतून आला.

"...पुसी टाक."