तळाला शिक्का आहे म्हणून वस्तू अस्सल ठरत नाही

'भंगारात देण्याआधी हे वाचा' अशा मथळ्याचा एक मजकूर सोसायटीच्या, नातेवाइकांच्या आणि निवृत्त मंडळींच्या ग्रुपांवर फिरतो आहे. विषय आहे घरातले जुने टेबल लॅम्प आणि शोकेसमधल्या शोभेच्या पुतळ्या. मजकूर थोडक्यात असा: वस्तू शंभर वर्षांची झाली की लाखांची होते. तळाला कंपनीचा शिक्का किंवा शिल्पकाराची सही असली की अस्सल. हाताला जड लागली की ब्राँझ. जांभळ्या, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या, टॉर्चखाली चमकली की जुनी. विकण्याआधी घासून लखलखीत करा, पण मूळ वायरला हात लावू नका. आणि इथे विकून फसू नका, परदेशातल्या नातेवाइकाकडे कुरियरने पाठवा. पुरावा म्हणून खाली एका टिफनी दिव्याचा फोटो आणि त्याची लिलावातली किंमत.

जुनी वस्तू भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊ नये, एवढा हेतू चांगलाच आहे. पण सांगितलेल्या खुणा नेमक्या अशा निवडल्यात की ज्यांची नक्कल करणं सगळ्यात सोपं.

फोटोतल्या दिव्यापासून सुरुवात करू, कारण सगळे तिथेच भुलतात. डिसेंबर 2018 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात टिफनीचा 'पाँड लिली' दिवा 33 लाख डॉलरच्या वर गेला, हे खरं आहे. पण तो लुई कम्फर्ट टिफनीच्या न्यूयॉर्कच्या कारखान्यात बनलेला, दुर्मीळ नमुन्याचा दिवा होता. रंगीत काचेचे तुकडे तांब्याच्या पट्टीत बसवून डाग देऊन जोडायची ती पद्धत पुढे जगभर उचलली गेली आणि आजही कारखान्यांतून तसे दिवे निघतात. दुकानदार त्या सगळ्यांना सरसकट 'टिफनी' म्हणतो. म्हणून आत्याच्या घरच्या रंगीत काचेच्या दिव्याला तो लिलाव लागू होत नाही.

राहिली बैठकीवरची 'टिफनी स्टुडिओज न्यू यॉर्क' ही अक्षरं आणि खालचा आकडा. धातूवर अक्षरं ठोकायला ठशांचा एक संच पुरतो, आणि ती ठोकणारे भरपूर झाले. शिवाय अस्सल शिक्कासुद्धा किती कमी सांगतो बघा. त्याच कारखान्यात काच कापणाऱ्या बायकांचा एक स्वतंत्र विभाग होता आणि क्लारा ड्रिस्कॉल त्याची प्रमुख होती. ड्रॅगनफ्लायसारख्या गाजलेल्या दिव्यांची कल्पना तिची, हे जगाला कळलं ते तिची घरी लिहिलेली पत्रं अभ्यासकांच्या हाती लागल्यावर. 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या हिस्टॉरिकल सोसायटीत त्यावर प्रदर्शन भरलं. तोवर शंभरेक वर्षं त्या दिव्यांच्या तळाला फक्त मालकाचं नाव होतं.

आणखी एक. नेटवर कुणी किंमत 'लावली' आणि वस्तू त्या किमतीला 'गेली' यांत फरक असतो. लावायला काय, कोणीही काहीही लावतो. किंमत पाहायचीच असेल तर झालेल्या विक्रीची पाहा.

आता 'जितकी जुनी तितकी महाग'. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळात शेकोटीवरच्या फळीवर ठेवायच्या चिनी मातीच्या कुत्र्यांच्या जोड्या ढिगाने निघाल्या. दीडशे वर्षांच्या आहेत, तरी साध्या जोडीला फार कोणी विचारत नाही. रॉयल डोल्टन या इंग्लिश कंपनीच्या, फुललेल्या घागऱ्यातल्या बायकांच्या पुतळ्यांचंही तेच: ज्या पिढीने त्या हौसेने जमवल्या ती आता कपाटं रिकामी करते आहे, आणि पुढच्या पिढीला त्यांची धूळ पुसायची नाही. उलट जॉर्ज कार्वर्डाइन नावाच्या मोटार-इंजिनियरने स्प्रिंगांच्या तोलावर उभा केलेला अँगलपॉइज दिवा पाहा. इंग्लंडमधल्या रेडिचच्या हर्बर्ट टेरी कंपनीने त्याचं 1227 हे मॉडेल 1935 मध्ये आणलं. म्हणजे त्याला अजून शंभर झालेली नाहीत, तरी सुरुवातीचे नग शोधत लोक फिरतात. कोणी बनवली, किती शिल्लक आहेत, भाग मूळचे आहेत का आणि आज ती कोणाला हवी आहे, यावर किंमत ठरते. वय त्यांतलं एक, आणि बहुतेक वेळा पहिलं नव्हे.

शिक्क्याकडे जरा निवांत येऊ, कारण सगळा मजकूर त्याच्यावरच उभा आहे.

जर्मनीतल्या माइसेनच्या पोर्सेलीनच्या, म्हणजे उंची चिनी मातीच्या, कारखान्याची खूण म्हणजे झिलईखाली निळ्या रंगात रेखलेल्या दोन तलवारी. कारखाना 1710 चा, तलवारी 1720 च्या दशकापासूनच्या. एवढं वाचून माणूस हरखतो. पण हा कारखाना आजही चालू आहे, तलवारी आजही हाताने रेखल्या जातात, आणि अठराव्या शतकात योहान योआखिम केंडलरने घडवलेल्या नमुन्यांवरून आजही पुतळ्या निघतात. म्हणजे तलवारी अस्सल, कारखाना अस्सल, आणि पुतळी मात्र तुमच्या थोरल्या मुलाच्या वयाची, असं होऊ शकतं. तलवारींवर आडवी रेघ कोरलेली असेल तर तो बहुधा कारखान्याने स्वतःच दुय्यम ठरवलेला नग. आणि हे झालं अस्सल मालाचं. पॅरिसमध्ये सॅमसन नावाचं घराणं 1845 पासून अशा जुन्या पोर्सेलीनच्या नकला करायचं आणि खुणाही मूळ खुणांच्या वळणाच्या टाकायचं. त्या नकलाच आता शंभरी ओलांडून बसल्यात, आणि त्या जमवणारेही आहेत!

मुकुटाखाली 'एन' हे अक्षर दिसलं की 'कापोदिमोन्ते' म्हणून विकायची पद्धत आहे. नेपल्सजवळचा कापोदिमोन्तेचा मूळ कारखाना 1743 ते 1759 एवढाच चालला. नेपल्सचा राजा स्पेनच्या गादीवर गेला आणि कारखानाही सोबत घेऊन गेला. त्या कारखान्याची खूण कमळाच्या वळणाचं फुल होतं. मुकुट आणि 'एन' नंतरच्या राजाच्या नेपल्समधल्या कारखान्याचे, आणि त्यानंतर ती खूण इटलीत आणि बाहेर ज्याला हवी त्याने वापरली. बाजारात ती दिसली तर एकोणिसावं शतक किंवा विसावं, एवढाच अंदाज बांधावा.

खोट्या नसलेल्या, पण कोणी वाचत नाही अशा खुणा म्हणजे देशांची नावं. अमेरिकेने 1891 पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, आणि त्याआधी 1887 मध्ये ब्रिटननेही मालाच्या खुणांबाबत कायदा आणला होता. त्यामुळे 'मेड इन जर्मनी' किंवा 'मेड इन इंग्लंड' असं इंग्रजीत छापलेली पुतळी 'दोनशे वर्षांपूर्वीची' असूच शकत नाही. जपानी माल असेल तर आणखी सोपं: अमेरिकेसाठीच्या मालावर 'निप्पॉन' 1891 ते 1921, मग 'जपान', आणि 'मेड इन ऑक्युपाइड जपान' फक्त दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकी फौजांच्या ताब्यात होतं तेवढ्या काळातलं, 1952 पर्यंत.

आपल्याकडच्या जुन्या घरांत कपाटाच्या काचेआड चिनी मातीची लक्ष्मी किंवा सरस्वती असते, ती याच वर्गातली. रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून असे देव जर्मनीत आणि पुढे जपानमध्ये घडले आणि जहाजाने इथे आले. ती पालथी करून तळ पाहिला तर बहुतेकदा उत्तर तिथेच असतं. चार हातांपैकी एखादा नंतर चिकटवलेला आहे का, तेही बघावं. अशा मूर्तींचे हात आधी जातात.

आणि शिल्पकाराची सही? जुन्या ब्राँझवरून साचा घेऊन त्यात नवं ब्राँझ ओतलं, तर सहीसुद्धा ओतून येते. कोणाला खोटी सही करायचीही गरज नसते. धातू निवताना आकसतो, म्हणून अशी प्रत मूळ पुतळ्यापेक्षा दीड-दोन टक्क्यांनी लहान भरते. बोटांची टोकं, केसांच्या बटा आणि सहीची अक्षरं गुळगुळीत, तेल लावल्यासारखी दिसतात. मूळ पुतळ्याची उंची लिलावाच्या किंवा संग्रहालयाच्या नोंदीत सापडली, तर मोजपट्टी सहीपेक्षा जास्त बोलते.

'जड म्हणजे ब्राँझ' याचा निकाल बाजारातच लागतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवर हातात मशाल धरलेली एक परी हमखास भेटते. मशालीच्या जागी बल्बचा होल्डर, अंगावर तपकिरी-सोनेरी रंग, पायाशी 'मोरो' हे फ्रेंच शिल्पकाराचं नाव आणि खाली 'फाब्रिकासियों फ्रांसेज, पारी', म्हणजे 'फ्रेंच बनावट, पॅरिस', असं लिहिलेली गोल पट्टी. विकणारा ती हातावर ठेवतो आणि म्हणतो, "काका, वजन बघा ना, असली ब्राँझ आहे." वजन असतंच. दगडाच्या बैठकीचंही असतं. ती आडवी करून तळाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेला किल्लीच्या टोकाने अगदी बारीक ओरखडा काढून पाहावा, अर्थात विचारून. आतून पिवळसर-तांबूस निघालं तर ब्राँझ किंवा पितळ. राखाडी-चंदेरी निघालं तर तो स्पेल्टर, म्हणजे जस्ताचा ओतीव माल, वरून रंगवलेला. जस्त साधारण 420 अंशांना वितळतं, म्हणून ओतायला स्वस्त. ते ठिसूळ असतं, त्यामुळे परीचं मनगट नाहीतर पंख सांध्यापाशी तडकलेला असतो. स्पेल्टरची परी घेऊच नये असं नाही, काही फार देखण्या आहेत. ब्राँझच्या भावाने घेऊ नये.

जांभळ्या टॉर्चचं थोडक्यात. युरेनियम असलेली काच हिरवी चमकते, हे बरोबर. पण तशी काच एकोणिसाव्या शतकापासून आजवर बनते आहे, त्यामुळे चमक वय सांगत नाही. टॉर्चचा खरा उपयोग वेगळाच आहे. चिनी मातीच्या पुतळीचा मोडलेला हात जोडून वर रंग मारला असेल, तर तेवढा भाग बाकीच्या झिलईपेक्षा निराळा दिसतो. टॉर्च घ्यावा तो यासाठी.

'घासून लखलखीत करा' हा सल्ला सगळ्यात जास्त नुकसान करणारा. समई चिंच लावून घासायची असते, कारण ती तशी वापरायचीच वस्तू आहे. ब्राँझच्या पुतळ्यावरचा तपकिरी-काळपट थर मात्र मळ नसतो. तो कारागिराने रसायनं आणि उष्णता वापरून मुद्दाम चढवलेला असतो, आणि एकदा निघाला की पुतळा नळाच्या तोटीसारखा दिसतो. व्हिएन्नाच्या रंगीत ब्राँझच्या छोट्या पुतळ्यांवर तर रंग भाजलेलाही नसतो, नुसता वरून दिलेला असतो. ओल्या फडक्यानेही तो जायची भीती. पोर्सेलीनवरची सोनेरी रेघ घासण्याच्या पावडरीने जाते. मऊ कोरडा ब्रश पुरे.

वायरच्या बाबतीत सल्ला नेमका उलटा हवा. जुन्या दिव्यांची सुती वेष्टणातली रबरी वायर वाळून कडक होते, वाकवली की रबराचा भुगा पडतो, आणि आतली तार धातूच्या बैठकीला टेकली तर शॉक. आपल्याकडे 230 व्होल्ट आहेत. वायरमनकडून तीन तारांची वायर घालून घ्यावी, अर्थिंग बैठकीला जोडावं, आणि जुनी वायर, प्लग, स्विच पिशवीत घालून दिव्याबरोबर ठेवावं. त्याने किंमत उतरत नाही. किंमत उतरते ती शेड बदलल्याने. 1909 च्या पेटंटच्या एमरलाइट दिव्यांची, म्हणजे आपण ज्याला बँकेतला हिरवा दिवा म्हणतो त्याची, शेड बाहेरून हिरवी आणि आतून पांढरी अशा दोन थरांच्या काचेची असते. काठाला नख लावून पाहिलं की दोन्ही थर दिसतात. मूळ शेड फुटली की उरते ती पितळी काठी.

दिव्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मजकुरात नाही, आणि ती हवी होती. चांगली पुतळी किंवा फुलदाणी भोक पाडून दिवा बनवलेली असते. तळाच्या भोकाची कड बघा. झिलई कडेवरून आत वळली असेल तर भोक कारखान्यातच ठेवलेलं. कड कोरडी, पांढरी, खरखरीत असेल तर ते नंतर ड्रिलने पाडलेलं, आणि वस्तूची बरीचशी किंमत त्या भोकातून गेलेली.

शेवटचा मुद्दा कुरियरचा, आणि इथे नुसतं पैशाचं नुकसान नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू 'पुरावस्तू' ठरते, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवली तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. धातू, दगड किंवा हस्तिदंताच्या जुन्या शिल्पांची नोंदणी असते आणि मालक बदलला की तेही कळवावं लागतं. म्हणजे मजकुरातली पहिली अट, 'शंभर वर्षांची हवी', पूर्ण झाली की शेवटचा सल्ला गुन्हा ठरतो. लिहिणाऱ्याने आपलंच पहिलं वाक्य शेवटपर्यंत लक्षात ठेवलेलं नाही.

हस्तिदंताचा तर प्रश्नच नाही. चेहरा आणि हात हस्तिदंताचे, अंग ब्राँझचं अशा 1920 च्या दशकातल्या नर्तिका असतात. पण वन्यजीव कायद्यात 1986 आणि 1991 मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनंतर भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, हत्ती इथला असो वा आफ्रिकेतला. आजोबांनी कितीही रीतसर घेतलेली असली तरी ती विकायला काढता येत नाही. आणि वस्तू शंभरच्या आतली असेल, पाठवायचीच असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा. कस्टमवाले तो मागतात, आणि नुसत्या वस्तूकडे बघून ती 1930 ची की 1910 ची हे त्यांनी ठरवावं, अशी अपेक्षा ठेवू नये.