क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणून किडनी ठणठणीत?

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) नॉर्मल असेल तर किडनीची चिंता नको. साखरेने घट्ट झालेलं रक्त पातळ करायला रोज पाच लिटर पाणी पाजा. आणि किडनी खरी बिघडते ती इन्सुलिनने. माझी लेक सहा वर्षं इन्सुलिनवर आहे. हे वाचून गप्प बसवेना.

आधी क्रिएटिनिन. साखर चढलेली असते तेव्हा सुरुवातीची काही वर्षं किडनी कमी नाही, जास्तच गाळते. गाळलेली साखर परत शोषताना किडनीतली सुरुवातीची नलिका सोबत मीठही ओढून घेते. पुढे मीठ कमी पोचलं की किडनीचा समज होतो, गाळणं कमी पडतंय. मग ती रक्त आत आणणारी वाहिनी सैल सोडते आणि गाळणीवर दाब वाढतो. एरवी मिनिटाला १००-१२० मिली गाळणारी किडनी १४० च्याही पुढे जाते, आकारानेही वाढते. मग क्रिएटिनिन चढेल कुठून? डॅनिश डॉक्टर मोगेन्सन यांनी १९८३ मध्ये मधुमेही किडनीचे टप्पे मांडले, त्यातला पहिला हाच.

म्हणून निदानाला पाच वर्षं झाली की दरवर्षी लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे गाळणीतून झिरपणारं रक्तातलं प्रथिन, बघायचं. आदल्या रात्री मी बाथरूमच्या फळीवर झाकणाची डबी ठेवते, पट्टीवर लेकीचं नाव लिहून. उठल्याउठल्या पहिली लघवी त्यात. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या खाली हवं. ताप, पाळी किंवा आदल्या दिवशीची दमवणारी मॅच यांनीही आकडा वर जातो, तेव्हा एका रिपोर्टवर घाबरू नका, तपासणी पुन्हा करा.

रक्ताबद्दलचं म्हणणं अगदीच खोटं नाही. साखर ताब्यात नसली की फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) वाढतं, तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, ताठरतात. केशवाहिनी पेशीपेक्षाही अरुंद; तिच्यातून पेशीला अंग मुडपून जावं लागतं. पण पाण्याने पेशी मऊ होत नाही, आणि जास्तीचं पाणी किडनी थोड्याच वेळात बाहेर टाकते. मूल घटाघटा पाणी पीत असेल तर आधी साखर आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबीपासून बनणारी आम्लं) तपासा.

इन्सुलिनवरचा आरोप मात्र जिवावर बेतणारा आहे. अमेरिका-कॅनडात १,४४१ टाइप वन रुग्णांवर झालेल्या डीसीसीटी अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले: इन्सुलिनने साखर काटेकोर सांभाळली, तिथे लघवीत अल्ब्युमिन उतरू लागण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. किडनी वाचवायची म्हणून कुणी इन्सुलिन बंद केलं, तर एक-दोन दिवसांतच रक्तात ही आम्लं साठून मूल कीटोअ‍ॅसिडोसिसने आयसीयूत पोचू शकतं.