मेमध्ये वाळलेलं रोप मेलेलं नसतं

काल कन्नडला गेलो होतो तर गौताळ्याच्या जंगलाच्या कडेला गाडी थांबवली, दुपारचे दोन वाजलेले, साग पार बोडका, सालईला पान नाही आणि पळसाला मात्र पोपटी, लव असलेली कोवळी पानं फुटायलेली. भर मेमध्ये! पळस, मोह, करंज हे पालवीसाठी पावसाची वाट बघत बसत नाहीत, मुळाखालचं पाणी ओढून घेतात. दरवर्षी बघतो तरी नवल वाटतं.

आता ऊन वाढायलंय तर यांचं काय होणार? पानाला बारीक छिद्रं असतात, त्यातून हवा आत जाते आणि वाफ बाहेर पडते, त्या वाफेनंच पान माठासारखं गार राहतं. खाली पाणी मिळेना आणि हवा कोरडी झाली की झाड छिद्रं मिटून घेतं, मग पाणी वाचतं खरं, पण अन्न बनायचं थांबतं आणि पान अजून तापतं. २०२३ ला 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात अभ्यास आला होता, उष्ण प्रदेशातल्या झाडांचं पान साधारण ४६.७ अंशांपर्यंत तापलं की अन्न बनवायची यंत्रणाच बिघडायला लागते. हा आकडा पानाचा बरं का, हवेचा नाही. उन्हातलं पान हवेपेक्षा जास्त तापू शकतं. त्यात रात्रीही गार होईना झाल्या की दिवसाची कमाई झाड रात्रीच्या श्वासातच जास्त खर्चून बसतं.

म्हणून माझं म्हणणं, जंगल तगलं तर मुळावर तगेल.

मागच्या वर्षी आमच्या गावाजवळच्या टेकडीवर वृक्षलागवडीसाठी जेसीबी लावला, म्हणे जागा मोकळीच आहे. एका खड्ड्याच्या काठाला पळसाचं रोप पडलेलं, वर वीतभर वाळकी काडी आणि खाली मूळ माझ्या अंगठ्याएवढं जाड, हातभर लांब, तुटलं तिथं अजून ओलं. मी ते हातात घेऊन किती वेळ उभा होतो. साग, पळस, तेंदूची रोपं उन्हाळ्यात वरून वाळतात, वणव्यात जळतात अन् पावसात त्याच मुळातून परत फुटतात, असं वर्षानुवर्षं चालतं, मूळ जाड झालं की मग कुठं खोड वर धरतं. एवढी तयारी झालेलं झाड उपटून आपण तिथं पिशवीतलं रोप लावलं, ज्याचं मूळ पिशवीतच गोल गोल फिरलेलं!

लागवड करूच नका असं नाही. पण मेमध्ये टेकडी बघून ती मोकळी ठरवू नका, दोन चांगले पाऊस पडल्यावर या, काय काय फुटलंय ते वाकून बघा, आणि मगच कुठं खड्डा घ्यायचा ते ठरवा.