'कट्' आवाज आला म्हणजे मणका बसला असं नाही

गेल्या महिनाभरात तोच मेसेज मला चार ग्रुपवर आला. चौथ्यांदा पाठवणारी आमची आत्या निघाली, म्हणून आता गप्प बसवत नाही. मेसेज थोडक्यात असा: मानेची नस दबलेली असो, मणक्यात गॅप पडलेला असो, खांदा जाम झालेला असो, सात दिवस गरम तेलाने कडक मालिश करा. मणक्यांमधली गादी जागेवर बसते. गाठींमध्ये साचलेलं लॅक्टिक ॲसिड आणि विषारी द्रव्यं निघून जातात. जितकं जास्त दुखेल तितका लवकर गुण. शेवटी मान दोन्हीकडे मोडून घ्या, 'कट्' आवाज आला की मणका बसला समजा. आयुर्वेदातलं आहे, साइड इफेक्ट शून्य, व्यायामाची गरज नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा व्यायामाची बाजू घेणार हे उघड आहे. पण मालिशशी माझं वैर नाही. दिवसभर वाकून काम केल्यावर माझेही खांदे भरून येतात आणि कोणी दाबून दिले तर मला हवेच असतात. माझं भांडण मालिशच्या नावावर खपवलेल्या बाकीच्या मालाशी आहे.

आधी तो 'गॅप'. हा शब्द आपल्याकडे कोणी रुजवला देव जाणे. पेशंट एक्स-रेचं पाकीट टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "पाचव्या-सहाव्यात गॅप आहे." रिपोर्टमध्ये नेमकं उलटं लिहिलेलं असतं: त्या दोन मणक्यांमधली जागा कमी झाली आहे, कारण मधली गादी वयाबरोबर कोरडी आणि बसकी झाली. ही गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. ती चटईसारखी सरकत नाही, की ढकलून परत जागेवर न्यावी. तिचा काही भाग बाहेर फुगतो, एवढंच. आणि मागून दाबायला गेलं तर वाटेत कातडी, चरबी, स्नायूंचे थर आणि मणक्याची हाडाची कमान लागते. कितीही कसलेल्या मालिशवाल्याचा अंगठा गादीपर्यंत पोहोचत नाही.

शिवाय फुगलेली गादी म्हणजे दुखण्याचं कारण, हेही गृहीत धरू नका. जपानमध्ये मानेचा काही त्रास नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले होते, निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत गादीचा फुगवटा होता. विशीतल्या मुलामुलींमध्येही बहुतेकांना होता. यांचं कोणाचंही काही दुखत नव्हतं.

लॅक्टिक ॲसिडचं थोडक्यात आटोपतो. जोरात व्यायाम केल्यावर स्नायूत ते वाढतं आणि तासाभरात आपोआप ओसरतं, सहा महिने खांद्यात दडून बसत नाही. कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी मुठीचा व्यायाम करवून लगेच हाताला मालिश दिलं आणि मोजून पाहिलं. २०१० साली त्यांनी जे छापलं ते असं, की दाबण्यामुळे रक्तप्रवाहात अडथळा आला आणि ॲसिड निघून जाण्याचा वेग उलट मंदावला. 'विषारी द्रव्यं' कोणती, त्यांचं नाव काय, हे मेसेजवाल्यांनी कधीच सांगितलेलं नाही.

मग बोटाखाली लागते ती गाठ काय असते? स्वतःच तपासा. उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे टाका. पाठीच्या पंख्याच्या हाडाचा वरचा, आतल्या बाजूचा कोपरा सापडेल. त्याच्या जरा वर बोट आडवं फिरवा, दोरीसारखं काहीतरी टक्कन निसटेल. मानेतून उतरून त्या कोपऱ्याला येऊन मिळणारा तो स्नायू आहे. तो तुमच्यात आहे, माझ्यात आहे, ज्यांची मान कधी दुखली नाही त्यांच्यातही आहे. दुखऱ्या माणसात तो आखडलेला आणि दाबल्यावर जास्त हुळहुळणारा असतो, हे खरं. पण ती फोडायची गाठ नाही.

आणि ती फोडायच्या नादात 'जितकं दुखेल तितका गुण' हे तत्त्वज्ञान येतं. दाबताना माणूस दात-ओठ खात असेल तर स्नायू सैल पडत नाही, तो आणखी आवळतो. दुसऱ्या दिवशी काळेनिळे डाग घेऊन आलेले पेशंट मी पाहिले आहेत, त्यात रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेलेही होते. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. अति जोरदार मालिशनंतर स्नायूपेशी फुटून त्याचा ताण मूत्रपिंडावर आल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. क्वचित घडतं, पण 'शून्य' नाही.

तरी मालिशने बरं वाटतं. ते खोटं नाही. मज्जासंस्था शांत होते, दुखऱ्या जागेची हुळहुळ कमी होते, मान आधीपेक्षा जास्त वळते. प्रश्न किती आणि किती दिवस, हा आहे. अमेरिकेत सिॲटलला जुनाट मानदुखीच्या २२८ जणांवर एक चाचणी झाली (२०१४). अर्ध्या तासाच्या मालिशचा, नुसतं वाट पाहत बसलेल्यांच्या तुलनेत, फारसा फरक पडला नाही. फायदा दिसला तो एक-एक तासाचं मालिश आठवड्यातून दोन-तीनदा, महिनाभर, प्रशिक्षित माणसाकडून घेणाऱ्यांना. दाढीनंतरची पाच मिनिटांची चंपी या हिशेबात कुठेच बसत नाही. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२४ मध्ये ३३ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांचा निष्कर्ष: जुनाट मानदुखीत नकली उपचाराशी तुलना केली, तर १२ आठवड्यांपर्यंत मालिशने वेदनेत बहुधा फारसा फरक पडत नाही. हे वाचून मला आनंद झाला नाही, पण ते तसं आहे.

आता ते मान मोडणं. यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

'कट्' हा आवाज हाडाचा नसतो. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला की आतला दाब घटतो आणि वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्याच अल्बर्टा विद्यापीठात २०१५ साली बोट मोडताना एमआरआयवर हे प्रत्यक्ष टिपलं. बोटं मोडल्यावर बोटाचं हाड जागेवर बसलं असं आपण म्हणतो का? मानेच्या बाबतीतच का म्हणतो?

बोटात आणि मानेत मात्र एक मोठा फरक आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांमधून वर जातात आणि पहिल्या मणक्याला वळसा घालून कवटीत शिरतात. मानेला अचानक पीळ बसला की ताण येतो तो नेमका या वळशावर. धमनीचं आतलं अस्तर फाटलं तर तिथे गुठळी धरते आणि पक्षाघात येऊ शकतो. हे फार क्वचित होतं, आणि नेहमी झटक्यामुळेच होतं असंही नाही: कधीकधी धमनी आधीच फाटायला लागलेली असते, त्यामुळेच मान दुखत असते आणि त्याच दुखण्यासाठी माणूस मान मोडून घ्यायला जातो. पण मग तर झटका आणखीच वाईट. पार्लरमध्ये बेसिनवर मान मागे टाकून केस धुताना असाच त्रास झालेल्या पाच स्त्रियांची नोंद १९९३ साली अमेरिकेत झाली, तेव्हापासून त्याला 'ब्यूटी पार्लर स्ट्रोक' हे नावच पडलं. २०१७ मध्ये दिल्लीकडच्या ५४ वर्षांच्या एका गृहस्थांनी सलूनमध्ये मान मोडून घेतली आणि त्यांना धाप लागू लागली. श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा श्वास घ्यायचा स्नायू, हलवणारी नस मानेतूनच, तिसऱ्या ते पाचव्या नसांच्या मुळांतून निघते. ती निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि श्वासासाठी यंत्राचा आधार घ्यावा लागला.

'आयुर्वेदात सांगितलंय' याला उत्तर आयुर्वेदातच आहे. रोज अभ्यंग, म्हणजे अंगाला तेलाचं मालिश, करावा म्हणणारे जुने ग्रंथकार वाग्भटच पुढे सांगतात, की कफाचा विकार असलेल्याने, नुकतंच शोधन (उलटी-जुलाब देऊन शरीरशुद्धी) झालेल्याने आणि अजीर्ण असलेल्याने तो टाळावा. मान आखडण्याला जुना शब्द मन्यास्तंभ. दुसरे ग्रंथकार सुश्रुत त्यात विशेष करून नस्य (नाकात औषध घालणं) आणि कोरडा शेक सांगतात. सरसकट सगळ्यांना तेलाची धार ही कल्पना त्यांची नाही. मान मोडण्याचं तर सोडाच.

'व्यायामाची गरज नाही' हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबलं. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ जणांवर प्रयोग झाला. रबरी ट्यूब पायाखाली धरून हात बाजूला उचलायचे, आठवड्यातून पाच दिवस. एका गटाला रोज दोन मिनिटं, दुसऱ्याला बारा. दहा आठवड्यांनी, व्यायाम न करणाऱ्या गटाच्या तुलनेत, दहापैकी १.४ आणि १.९ गुणांनी दुखणं कमी झालं. दोन मिनिटं! मेसेज फॉरवर्ड करायला चार ग्रुप शोधण्यात तेवढी जातात. ट्यूब नसेल तर पाण्याची लिटरची बाटली चालते.

खांदा खरोखरच जाम असेल, म्हणजे हात मागे नेऊन बनियन काढता येत नसेल, तर आधी साखर तपासा. हा 'फ्रोझन शोल्डर' मधुमेहींमध्ये जास्त दिसतो आणि तो सांध्याच्या वेष्टनाचा आजार आहे, वरून स्नायू रगडून त्याला काही होत नाही. हातातली किल्ली किंवा कप निसटतो, शर्टाची बटणं लागत नाहीत, चालताना तोल जातो, मानदुखीबरोबर ताप आहे, पडल्यानंतर दुखायला लागलंय, किंवा डावा खांदा दुखताना घाम फुटतोय: यातलं काहीही असेल तर तेलाची बाटली खाली ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. शेवटचं तर हृदयविकाराचं लक्षण असू शकतं, तेव्हा रिक्षासुद्धा थांबवत बसू नका, १०८ लावा.

माझा स्वतःचा न्हावी खांदे फार छान दाबतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा शेवटी त्याने एक हात हनुवटीखाली आणि दुसरा डोक्यामागे धरला. मी म्हटलं, "दादा, मान नको." तो हसला. "सर, नाही मोडली तर लोक म्हणतात मालिश अर्धं राहिलं." आता मी खुर्चीत बसतानाच सांगतो. आत्यालाही तेच कळवलंय, तिच्या पार्लरच्या बेसिनवर मानेखाली दुमडलेला टॉवेल ठेवायला सांगितलंय आणि पाण्याच्या बाटलीचा व्हिडिओ पाठवलाय. अजून निळी टिक आलेली नाही.