बी-१२ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनात किरणोत्सर्गी कोबाल्ट नसतो

'बी-१२ मध्ये कोबाल्ट असतो, कोबाल्ट किरणोत्सर्गी असतो, प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी बी-१२ बनवतातच. तेच टोचतात, त्याने कॅन्सर होतो. शरीर बी-१२ स्वतः तयार करतं.' व्हॉट्सअ‍ॅपवरचा हा मेसेज वाचून माझ्या मावशीने इंजेक्शनं बंद केली. तळपायांना मुंग्या येत होत्या म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली होती!

बी-१२ च्या रेणूत कोबाल्टचा एक अणू असतो, हे खरं. पण निसर्गातला सगळा कोबाल्ट म्हणजे कोबाल्ट-५९, आणि तो स्थिर आहे, म्हणजे किरणोत्सर्ग करत नाही. कॅन्सरच्या उपचारातला कोबाल्ट-६० अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करून मुद्दाम बनवावा लागतो. औषधासाठी बी-१२ तयार करणाऱ्या जीवाणूंना मिळतो तो साधा कोबाल्टचा क्षार.

किरणोत्सर्गी बी-१२ बनवतात, हे मात्र मान्य करायला हवं. जीवाणूंच्या खाद्यात कोबाल्ट-५७ हा किरणोत्सर्गी कोबाल्ट घातला की ते तोच अणू रेणूत बसवतात. पोटातून बी-१२ किती शोषलं जातं हे पाहणाऱ्या शिलिंग चाचणीत १९५३ पासून किरणोत्सर्गी बी-१२ रुग्णांना दिलंही जाई. आधी मायक्रोग्रॅमभर खूण केलेलं (म्हणजे किरणोत्सर्गी अणू बसवलेलं) बी-१२ तोंडाने, मग साध्या बी-१२ चं १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, आणि २४ तासांच्या लघवीत किरणोत्सर्ग किती उतरला त्याचं मोजमाप. इंजेक्शनही किरणोत्सर्गी असतं तर पोटातून किती शोषलं गेलं हे कळलंच नसतं. ज्या किरणोत्सर्गी बी-१२ चा धाक घालताय, त्याची चाचणीच साध्या इंजेक्शनवर उभी होती. शिवाय कोबाल्ट-५७ सुमारे २७२ दिवसांत निम्मा उरतो. असला महागडा माल दुकानातल्या अँप्यूलमध्ये कोण भरेल?

२००६ साली 'पीएनएएस' या अमेरिकी नियतकालिकात कार्बन-१४ या किरणोत्सर्गी कार्बनची खूण केलेल्या बी-१२ चा माणसावरचा प्रयोग छापून आला. मात्रा सुमारे २.२ किलोबेकरेल (बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक). प्रौढ माणसाच्या शरीरात नैसर्गिक कार्बन-१४ च तीन किलोबेकरेलहून जास्त असतो. संशोधनासाठी मुद्दाम खूण केलेल्या बी-१२ ची ही गत, तर साध्या इंजेक्शनाने किरणोत्सर्ग कुठून आणायचा?

शरीर बी-१२ बनवत नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू बनवतात, पण ते शोषलं जातं त्याआधीच्या लहान आतड्यात, म्हणून उपयोग शून्य.

आणि इंजेक्शन थांबवलं तर? कमतरता रेटली की मज्जारज्जूला इजा होते, चालताना तोल जातो, विस्मरण वाढतं. उशीर झाला तर हे पूर्ण भरून येईलच असं नाही. शाकाहारी माणसांना आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका जास्त, आणि मावशी दोन्हींत बसते. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनो, तो आत्ताच पुसा, आणि ज्यांना पाठवलात त्यांनाही कळवा.