मिरज जंक्शनचे तीन गेज आणि आमची चूक: दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो असतो तर काहीतरी वेडंवाकडं लिहून बसलो असतो, म्हणून दोन दिवस गेले. "आमची टीम आपल्याशी संपर्क साधेल" असलं काही लिहिणार नाही. टीम म्हणजे मी आणि हाताखालची दोन मुलं, आणि तुमचा लेआउट (टेबलावर मांडलेलं रेल्वेचं मॉडेल) बहुतेक माझ्याच हातचा आहे.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंनी वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी आमच्याकडून ठोकळ्यांचं मिरज जंक्शन करून घेतलं. वडील रेल्वेत सांधेवाले होते, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा बदलणारे, बरीचशी नोकरी मिरजेतच. त्यांच्या उमेदीतलं स्टेशन हवं होतं, म्हणजे ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज अशी तिन्ही गेज (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), आणि तिन्ही गाड्या चालल्या पाहिजेत. ताईंच्या तक्रारी अशा: तिन्ही रूळ एकाच रुंदीचे निघाले, डबे आखूड आहेत, प्लॅटफॉर्मचं छप्पर पिवळट आहे, भर कार्यक्रमात गाडी सांध्यावर घसरली, माल आठ दिवस उशिरा आला, फोन उचलला नाही, आणि "प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे ४२ हजार".

रुळांची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि तीच मला लागली. काका, म्हणजे तुमचे वडील, लेआउटकडे बघून एवढंच म्हणाले, "बार्शी लाइट ब्रॉडगेज कधी झाली?" (बार्शी लाइट म्हणजे मिरजेची नॅरोगेज) आणि सगळे हसले, असं तुम्ही लिहिलंय. मी तिथे नव्हतो ते बरंच झालं.

ही चूक कशी झाली ते सांगतो. ठोकळ्यांच्या रेल्वेचा रूळ सहसा एकाच मापाचा येतो. आतल्या बाजूने मोजला तर साडेसदतीस मिलिमीटर. लेगोची पहिली रेल्वे १९६६ ची, तेव्हापासून रुंदी तीच, आणि मोटर, चाकं, सांधे सगळं त्याच मापाला धरून बनतं. खऱ्या मिरजेत मात्र १९२७ साली कुर्डुवाडीकडून आलेली बार्शी लाइट ७६२ मिलिमीटरची, मीटरगेज नावाप्रमाणे १००० ची, आणि १९७१ ला पुण्याकडून आलेली ब्रॉडगेज १६७६ ची. आपला साडेसदतीसचा रूळ ब्रॉडगेज धरला, तर त्याच हिशोबाने मीटरगेज साडेबावीसच्या आसपास पाहिजे आणि नॅरोगेज जेमतेम १७. त्या रुंदीची मोटर आमच्याकडे नाही. म्हणून मी काय केलं, तर ब्रॉडगेजचा डबा आठ स्टड रुंद केला, बार्शीचा सहा (स्टड म्हणजे ठोकळ्याच्या डोक्यावरचं बटण, एकापासून दुसरं बरोबर आठ मिलिमीटरवर). वाटलं, डबा बारका दिसला की रूळही बारका वाटेल. बाकी कुणाला वाटलाही असता. पण ज्या माणसाचा जन्म रुळांकडे बघण्यात गेला, त्याच्यासमोर ही हातचलाखी चालेल असं मला वाटलंच कसं, हे माझं मलाच कळत नाही.

तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत होत्या. तिन्ही गाड्या चालवायच्या तर रूळ खोटे होणार, आणि रूळ खरे ठेवायचे तर दोन गाड्या उभ्याच राहणार. हे ऑर्डर घेतानाच मी तुमच्यासमोर मांडायला हवं होतं. मी परस्पर ठरवून टाकलं.

डब्यांबद्दल मात्र मी माझी बाजू मांडणार. आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) खरा डबा २१ मीटरच्या थोडा वर असतो. आठ स्टड रुंदीला शोभेल अशी लांबी काढली तर साधारण ४२ सेंटीमीटर, म्हणजे ५३ स्टड भरते. मी ३६ स्टडचा केला. काटछाट केली हे कबूल, पण ती ठोकळे वाचवायला केलेली नाही. तुमच्या हॉलमध्ये टेबलाला जागा होती आठ फूट बाय तीन फूट. तीन फुटांत फक्त नेहमीचं वळण बसतं, ३२ सेंटीमीटर त्रिज्येचं, सोळा तुकड्यांत पूर्ण गोल होणारं. त्यावर ५३ स्टडचा डबा घातला की त्याचं पोट रुळाच्या मध्यापासून साडेतीन सेंटीमीटर आत येतं आणि दोन्ही टोकं जवळपास तेवढीच बाहेर जातात. तो तुमचा सिग्नलही पाडेल आणि प्लॅटफॉर्मवरच्या हमालालाही. ३६ स्टडचा डबा फक्त दीड सेंटीमीटर आत येतो. लांब डब्यांसाठी मोठ्या त्रिज्येची वळणं मिळतात, ८३ सेंटीमीटरची, पण त्यांचा गोलच साडेपाच फुटांवर जातो. मग टेबल सहा फूट रुंद करा आणि सोफा गॅलरीत न्या! डबा आखूड करणं हे जगभर ही कला करणारे सगळेच करतात. त्याला मी फसवणूक म्हणू देणार नाही. खिडक्या किती कमी होणार ते आधी सांगितलं नाही, एवढा दोष माझा.

छप्पर पिवळट आहे, ते मी फोटोतही बघितलं. आमचं दुकान हळदीच्या वखारींजवळ असल्यामुळे लोक चेष्टेने म्हणतात की यांच्या पांढऱ्या ठोकळ्यांना हळद लागते. खरं कारण ऊन. एबीएस प्लॅस्टिकवर वर्षानुवर्षं ऊन पडलं की पांढरा आणि करडा रंग पिवळा पडत जातो. छपरासाठी मी जुन्या खरेदीतले ठोकळे वापरले आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग पारखला. साडी लोक दाराशी येऊन उजेडात बघतात, मला एवढंही सुचलं नाही. बदलून देतो.

आता सांधा. सांधेवाल्याच्या पंचाहत्तरीला गाडी सांध्यावरच घसरावी, यावर मी काय बोलणार. वळण आणि सांधा यांच्यामध्ये निदान एक सरळ तुकडा लागतो, १६ स्टडचा. तो नसला की डब्याचं पुढचं चाक उलटीकडे वळायला लागतं तेव्हा मागचं अजून पहिल्याच वळणात असतं, आणि डबे जोडणारी मॅग्नेटची कपलिंग डब्याला आडवं ओढते. हे मला माहीत होतं. तरी प्लॅटफॉर्म लांब दिसावा म्हणून मी तो तुकडा काढला. दुकानात चार डबे घेऊन गाडी तासभर फिरवली, एकदाही घसरली नाही. पण टेम्पोतून मिरजेला नेताना दोन फळ्यांचा जोड एका बाजूने किंचित उचलला गेला, आणि जे कसंबसं चालत होतं ते चालेना. जोडणीला मी स्वतः यायचं सोडून मुलाला पाठवलं. त्या पोराला बोल लावू नका, त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढं त्याने नीट केलं.

(गाडी मरगळल्यासारखी चालत होती असंही तुम्ही लिहिलंय. इंजिनात सहा बारके सेल लागतात. साध्या सेलचे मिळून ९ व्होल्ट होतात, रिचार्जवाल्यांचे ७.२. त्या दिवशी रिचार्जवाले घातले असतील तर फरक तेवढाच आहे, मोटर चांगली आहे.)

उशीर आणि फोन, दोन्ही चुका माझ्या. चाकांचं पार्सल कस्टममध्ये अडकलं होतं, पण माल हातात नसताना तारीख देणं हाच मुळात गाढवपणा. आणि सांगायला काही नवीन नव्हतं म्हणून फोन घेतला नाही. त्याचं समर्थन नाही.

पैशांचं मात्र तसं नाही. लेआउटमध्ये सहा हजारांवर ठोकळे आहेत आणि मिरज स्टेशनचा तयार सेट कुठल्याच दुकानात मिळत नाही. एकेक रंग, एकेक आकार सुटा गोळा करावा लागतो, आणि हवा तो आकार हव्या त्या रंगात निघालेलाच असतो असंही नाही. बरेच सुटे भाग परदेशातून येतात. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. त्यावर दीड महिन्याची मजुरी. "चायनाचा सेट पाच हजारांत मिळतो" हे खरंय, पण त्यात बार्शी लाइट नसते. ४२ हजार मी जास्त घेतले असं मला वाटत नाही, आणि ते कमी करणार नाही.

जोडणी आणि वाहतुकीचे म्हणून घेतलेले साडेतीन हजार मात्र परत करतो, कारण ते काम नीट झालंच नाही. वळणानंतरचा सरळ तुकडा पुन्हा घालतो, प्लॅटफॉर्म तेवढा आखूड होईल. मीटरगेज आणि नॅरोगेजचे रूळ उखडून साध्या चपट्या ठोकळ्यांचे नवे करतो. दोन रुळांमध्ये मीटरगेजला तीन स्टडचं अंतर ठेवलं की २४ मिलिमीटर होतात, बार्शीला दोन स्टड ठेवले की १६. मापाच्या अगदी जवळ. त्या दोन गाड्या उभ्या राहतील, चालणार नाहीत. ब्रॉडगेज फिरेल. हे तुम्हाला चालणार नसेल तर आत्ताचे रूळ तसेच ठेवतो. या वेळी विचारूनच हात लावतो.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी स्वतः येतो, जमत नसेल तर कळवा, फोन उचलेन. काकांना सांगा, सांधा त्यांनीच आपल्या हाताने बदलून बघायचा आणि वरून डबे सोडायचे. ते "घे" म्हणाले की मग मी फळ्यांचे स्क्रू आवळतो.